बंद राहते

तो माणूस मला आवडत नव्हता, हे आधीच सांगून टाकते. आज इतक्या वर्षांनी त्याच्याबद्दल लिहायला बसले म्हणून माझं मत बदललं असं कोणी समजू नये. तोंडाचा फाटका, अंगात गुर्मी, आणि दिवसातून पाच-सहा वेळा माझ्या कानाशी यायचा. त्याला मी पाहिलं असेल फार तर चारदा. बाकी सगळं वैर तारेवरचं.

कन्हानच्या पलीकडे आमची कोळशाची खदान होती आणि खदानीचं स्वतःचं टेलिफोन एक्सचेंज होतं. पत्र्याच्या छपराची एक खोली, तिच्यात मी आणि एक बोर्ड. साहेबांच्या बंगल्यांत आणि ऑफिसांत नवे फोन होते, चकती फिरवायचे, तीन आकडी नंबरांचे. ते आपसात आपोआप लागत, त्यांना माझी गरज नव्हती. पण त्याहून जुने अकरा फोन खदानीत जागोजागी उरले होते. लाकडी पेटीचे, बाजूला लोखंडी दांडा. दांडा गरगर फिरवला की माझ्या बोर्डावर एक पितळी झडप टप्पकन खाली पडायची. मग मी त्या छिद्रात दोरीची पिन खुपसायची, विचारायचं, आणि हवं तिकडे जोडून द्यायचं. या अकरांना नंबर नव्हते. झडपेखाली कागदाची चिठ्ठी डकवलेली असे: वजनकाटा, बारूदघर, दवाखाना, जुना पंप.

जुना पंप म्हणजे तो. खदानीच्या सोडून दिलेल्या भागात पाणी झिरपायचं, ते उपसायला खाली एक पंप होता. फक्त दिवसपाळीत चालायचा आणि त्याच्यापाशी हा एकटा खलासी, म्हणजे पंप चालवणारा कामगार, बसायचा. उतारावरून चालत खाली जायला अर्धा तास, चढायला त्याहून जास्त. दांडा असा फिरवायचा की जात्यावर दळतोय. त्याच्या झडपेची बिजागरी मी दोनदा बदलून घेतली. कारण काय, तर किती वाजले? वरतं पानी येऊन राहिलं का? लाइट गेली होती का? मी काही त्याची घड्याळवाली नव्हते.

एके दिवशी मोठ्या साहेबांचा नागपूरहून फोन आला होता, तो जोडण्यात माझी दोन मिनिटं गेली. मग याची पिन लावली तर हा म्हणाला, "खुर्ची भेटली त लय माजले तुमचे लोकं."

तुमचे लोक म्हणजे कोण, ते त्याला सांगावं लागलं नाही आणि मला विचारावं लागलं नाही. वडिलांनी नागपुरात दीक्षा घेतली त्याच्या पुढच्या वर्षीचा माझा जन्म. कामठीत माग चालवून त्यांनी मला मॅट्रिक केलं, टायपिंग शिकवलं. आमच्या घरात खुर्चीवर बसून काम करणारी मी पहिली. त्या खुर्चीचा त्यानं असा उल्लेख केला. मी पिन उपटून टाकली, आणि ही गोष्ट कोणाला सांगितली नाही. सांगून काय होतं, दोन दिवस चर्चा, तिसऱ्या दिवशी सगळे त्याच्याबरोबर चहा प्यायला.

खदानीत सगळे एकमेकांना भाऊ म्हणत, बाहेरून आलेले हिंदीवालेही. मी त्या दिवसापासून त्याला भाऊ म्हटलं नाही. "बोला पंप," एवढंच. तोही मला बाई म्हणेना, "ए एक्सचेंज" म्हणायला लागला. त्याची झडप पडली की मी शंभरपर्यंत आकडे मोजायची आणि मग पिन लावायची. त्यानं यावर उपाय काढला. मी पिन लावली की तो रिसीव्हर चालत्या पंपाशी धरायचा, तो सगळा खडखडाट माझ्या कानात. हे दोन वर्षं चाललं. फोरमनला ठाऊक होतं, तो हसायचा. "तुमचं नवरा-बायकोसारखं हाये," म्हणाला एकदा. त्याच्याशीही मी आठवडाभर बोलले नाही.

मग नागपूरच्या रामदासपेठेतल्या मोठ्या ऑफिसात कॉम्प्युटर आला, आणि त्याच्याबरोबर पुण्याचा एक तरुण साहेब. काचेची खोली, थंड हवा, दाराशी चपला काढायच्या. साहेबांनी कंपनीच्या सगळ्या खदानींतल्या फोनांचा नकाशा मशीनमध्ये भरायचं ठरवलं होतं. प्रत्येक फोन म्हणजे पडद्यावर एक हिरवा चौकोन, चौकोनात नंबर, आणि चौकोनापासून एक्सचेंजपर्यंत एक रेघ. कोणता फोन कुठे आहे, कोणता बिघडला आहे, ते नागपुरात बसून दिसणार. आणि पुढे दुरुस्ती, नवी तार, जुनी तार, सगळं या नकाशावरूनच होणार. जे नकाशात नाही ते नाही. आमच्या खदानीची माहिती भरायला मला दोन आठवडे तिकडे बोलावलं. कामठीहून बस, सीताबर्डीला उतरायचं, पुढे पायी.

साहेब मला मॅडम म्हणायचे. शिवी दिली असती तर परवडली असती. मी म्हणाले, "साहेब, मशीन हळू चालून राहिली," तर ते शेजारच्याकडे बघून हळूच म्हणाले, "चालून राहिली." आणि दोघे हसले. दुसऱ्या दिवशी मी जपून, पुस्तकातलं बोलायचा प्रयत्न केला आणि ते जास्तच हास्यास्पद झालं. शाळेत मराठीत मला कधी साठच्या खाली गुण पडले नव्हते.

त्यांच्या प्रोग्रामला फोनांचे चार प्रकार ठाऊक होते. दांड्याचा फोन त्यांत नव्हता. साहेबांनी असा फोन डोळ्यांनी पाहिलाही नव्हता. नंबर टाकल्याशिवाय मशीन पुढे सरकेना, आणि आमच्या अकरांना नंबरच नाहीत.

"नंबर नाही म्हणजे? मग लावतात कसा?" साहेबांनी विचारलं.

"मी लावते," मी म्हटलं.

शेवटी साहेबांनी नऊशे एकपासून पुढे आपल्या मनानं नंबर दिले आणि प्रकार म्हणून "इतर" टाकलं. वजनकाटा झाला नऊशे एक, बारूदघर नऊशे दोन. खदानीतल्या कोणाला हे नंबर शेवटपर्यंत कळले नाहीत, कळायची गरजही नव्हती. मग साहेबांनी एक छापील फॉर्म दिला. परत जा, प्रत्येक जुन्या फोनवर बोला, जागा लिहा, आणि शेवटच्या रकान्यात स्थिती. स्थितीला दोनच उत्तरं, चालू किंवा बंद. तिसरं काही लिहायचं नाही, मशीन घेत नाही.

मी दुसऱ्या दिवशी कन्हानला बोर्डावर बसले आणि एकेकाला फोन लावला. नऊ जणांनी सरळ चालू म्हणून सांगितलं. दवाखान्याचा खरोखरच मेला होता, त्याचं कंपाउंडरनं चालत येऊन सांगितलं. राहिला पंप.

"पंप, फोन कसा राहते तुमचा?" मी विचारलं.

"कसा राहते म्हंजे?"

"फारमवर लिहाचं हाये. चालू का बंद?"

"बंद राहते."

"बंद?"

"बंदच राहीन ना. वरून पानी टपकते इथं. उघडा ठेवला त दोन दिवसांत सडून जाईन. खुर्चीवर बसून तुले काय समजते त्यातलं?"

आमच्याकडच्या कोणालाही कळेल तो काय सांगत होता. खाली ओल फार. फोनला त्यानं सुताराकडून एक जादा पेटी करून घेतली होती, तिला कडी, कडीला कुलूप. फोन लावायचा तेव्हा पेटी उघडायची, एरवी बंद राहते. तो पेटीबद्दल बोलत होता. आणि समजा नसतं कळलं, तरी ज्या फोनवरून तो मला हे सांगत होता तोच हा फोन होता. आवाज इतका खणखणीत की मी रिसीव्हर कानापासून दूर धरला होता.

मी रकान्यात लिहिलं: बंद.

हसतच लिहिलं. त्याचेच शब्द होते, माझ्या पदरचं काही नव्हतं. तार कापली जाईल, असं तेव्हा माझ्या मनात नव्हतं, हे खरं आहे. मनात एवढंच होतं की त्या साहेबाच्या झकपक नकाशात सगळ्यांचे चौकोन असतील आणि या माणसाचा नसेल. खुर्चीवाल्या बाईनं एका शब्दात त्याला खोडून टाकलेलं असेल. मला त्याचं फार सुख झालं.

रामदासपेठेत साहेबांनी फॉर्म वाचला. "जुना पंप बंद आहे?"

"त्यांनी तसंच सांगितलं," मी म्हटलं.

"मग याला रेघ नाही," असं म्हणून त्यांनी बटण दाबलं. पडद्यावरचा चौकोन क्षणभर एकटा उभा राहिला आणि मग तोही गेला.

पंधरा-वीस दिवसांनी मशीननं छापलेली एक लांब यादी खदानीत आली. कडेला भोकं असलेला कागद, खाली साहेबांची सही. बंद फोनांच्या तारा उतरवून भांडारात जमा करायच्या होत्या. लाइनमन यादी घेऊन माझ्या खोलीत आला. साधा माणूस होता, माझ्या वडिलांच्या वयाचा. दवाखान्याची तार उतरवून झाली होती.

"बाई," तो म्हणाला, "जुना पंप बी लिहून हाये इथं. बंद हाये ना तो?"

"कागदावर काय लिहिलं हाये?"

"बंद."

"मंग मले काहून विचारता?"

त्यानं यादी पुन्हा वाचली. त्याला बहुधा आठवत होतं की चारच दिवसांपूर्वी त्याच्यासमोर ती झडप पडली होती. पण कागद मशीनचा होता, सही नागपूरची होती, आणि बोर्डावरची बाईही नाही म्हणत नव्हती. त्यानं खांद्यावरचा दोर सारखा केला आणि गेला. तासाभरानं परत येऊन, खदानीच्या तोंडापर्यंतची वरची तार उतरवली म्हणून सांगून गेला.

मला थांबवता आलं असतं. एक शब्द पुरला असता.

पुढचे आठ दिवस ती झडप पडली नाही. मी डबा गरम असताना खाल्ला. दुपारी स्वेटर विणला, पाठीचा अर्धा भाग झाला. खाली तो दांडा फिरवत असणार, हे मला ठाऊक होतं, आणि तो फिरवतोय आणि इकडे काही होत नाही याची मजा वाटत होती. एक-दोन दिवस त्याची खोड मोडू द्यावी, मग लाइनमनला सांगून तार परत टाकून घेऊ, असं मी स्वतःला सांगत होते. दोन दिवसांचे आठ झाले. त्यानं फोरमनकडे तक्रार केली होती, बाई जबाब देत नाही म्हणून. फोरमन म्हणाला, पुन्हा भांडले वाटते, आणि हसला.

नवव्या दिवशी पंपाची मोटर बंद पडली. वीज होती, मोटरमध्येच काही जळलं होतं. पावसाचे दिवस, पाणी चढायला लागलं. नियम असा की खलाशानं फोन करून वर कळवायचं, मिस्त्री खाली येईपर्यंत जागा सोडायची नाही. तो वर आला तेव्हा दुपार उलटून गेली होती, कमरेपर्यंत भिजलेला. मिस्त्री खाली पोचेस्तोवर मोटर बुडाली होती, तिच्याशेजारी बसवायला आणून ठेवलेला नवा पंपही बुडाला होता, आणि पाणी चालू खदानीच्या दिशेनं निघालं होतं. दोन पाळ्यांची माणसं वर काढावी लागली. कोणी मेलं नाही. हे वाक्य मी तेव्हापासून किती वेळा मनात म्हटलं असेल.

त्याला चार्जशीट मिळाली. न कळवता जागा सोडली, त्यामुळे नुकसान. बडतर्फीच होणार, असं सगळे बोलत होते. बावीस वर्षांची नोकरी, पाच राहिली होती. नोकरी गेली की कंपनीचं क्वार्टर जाणार. गावात भावांनी त्याला उभं केलं नसतं, तिथेही त्याची जीभ आधीच पोचलेली होती.

चौकशी रामदासपेठेत झाली. टेबलामागे तीन अधिकारी, मधले पिकल्या केसांचे, ते अध्यक्ष. बाजूला पुण्याचे साहेब, हातात तो छापील कागद. तो समोर उभा, हातात टोपी. मला साक्षीला त्यानंच बोलावलं होतं. दुसरं कोणी त्याच्याकडे नव्हतं, ही त्याची अवस्था.

"मी दांडा फिरवत होतो साहेब," तो म्हणाला. "उत्तरच नाही आलं."

"त्या जागी फोन नाही," पुण्याचे साहेब म्हणाले आणि कागदावर बोट ठेवलं. "रेकॉर्डप्रमाणे बंद. तार उतरवली. नसलेल्या फोनवरून तुम्ही कोणाला कळवत होता?"

"फोन नव्हता त दोन वर्षं मी या बाईसंग कशावरून भांडत होतो?"

कोणी हसलं नाही. अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं. "बाई, फोन चालू होता का?"

रात्रभर मी दोन उत्तरं पाठ केली होती. एकात मी जात होते, दुसऱ्यात तो. आणि तिथे उभी असताना तिसरंच तोंडातून आलं.

मी सांगितलं की फोन चालू होता. मी विचारलं तेव्हा ते म्हणाले, बंद राहते. आमच्याकडे याचा अर्थ, पेटी झाकून, कडी लावून ठेवलेली असते. फॉर्मवर दोनच शब्द होते, म्हणून तो शब्द तसाच पडला. पुण्याच्या माणसानं वाचला तर बिघडलेला असाच अर्थ लावणार, त्यांचा तरी काय दोष.

त्यात एकही वाक्य खोटं नव्हतं. "मला कळलं होतं" एवढं मी म्हटलं नाही, आणि कोणी विचारलं नाही.

अध्यक्ष विदर्भातलेच होते. त्यांनी कपाळावर हात मारला आणि पुण्याच्या साहेबांना म्हणाले, "अहो, आमच्याकडे दुकानही बंद राहते आणि पेटीही बंद राहते." साहेबांचे कान लाल झाले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा माझ्या मराठीवर हसणं उलटं फिरलं होतं, आणि मला त्याचा काडीचाही आनंद झाला नाही. शब्दाचा घोळ, असं लिहून चौकशी मिटली. त्याला कामावर घेतलं. मला कोणी काही म्हटलं नाही. उलट अध्यक्षांनी जाताना, बरं झालं बाई तुम्ही नीट समजावलं, असं म्हटलं.

सीताबर्डीला बसच्या रांगेत तो माझ्या मागेच येऊन उभा राहिला. मला पळून जावंसं वाटत होतं, पण कामठीची बस तीच. मग माझ्याकडे न बघता म्हणाला,

"आठ दिवस मी तुमाले शिव्या देत होतो फोनमंदी."

मी पिशवीत बसचे सुटे पैसे शोधत राहिले.

"मले वाटलं, आयकून राहिली अन् मुद्दाम जबाब नाही देऊन राहिली. तार कापली हे मले काय मालूम. त्या दिवशी पानी गुडघ्यापर्यंत आलं, तवा मी माफी मांगितली तुमाले. आजपर्यंत जे जे बोललो, त्या साऱ्याची. एकेक गोष्ट आठवून मांगितली. म्हटलं, बाई, आता त बोल, मंग वरतं आल्यावर राग काढ. पाऊन घंटा मांगत होतो. वाटे, आता पाघळन, मंग पाघळन. तवाच चढून आलो असतो त मोटर वाचली असती."

त्यानं टोपी झटकली आणि पुन्हा घातली. बस अजून दिसत नव्हती. रस्ता मोकळा होता, माझ्याकडे भरपूर वेळ होता.

"चूक माहीच झाली म्हना," तो म्हणाला. "बंद राहते नव्हतं म्हनाले पाहिजे. झाकून ठेवतो म्हनाले पाहिजे होतं."

"हो," मी म्हटलं. "तुमी नीट सांगाले पाहिजे होतं."